आईची सही

"आई, तू फक्त एकदा येऊन बघ. नाही आवडलं तर विषय बंद."

बेळगावला टिळकवाडीतल्या घरी मुलाचा फोन आला तेव्हा आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. 'फक्त एकदा बघ' म्हणणाऱ्या मुलाने मनातून सगळे ठरवून टाकलेले असते, हे कोणत्या आईला कळत नाही? तरी तिने बॅग भरली. आणि जाताना का कोण जाणे, शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकली.

मुलगा आणि सून दोघेही बंगळूरला व्हाइटफिल्ड भागात नोकरी करतात. सात वर्षांत त्यांनी भाड्याची चार घरे बदलली. त्यातली दोन घरमालकाने अचानक मागितली म्हणून सोडावी लागली. बंगळुरात अनामत म्हणून दहा-दहा महिन्यांचे भाडे भरायची रीत होती. आता ती थोडी सैल झाली असली तरी घर सोडताना 'रंगकामाचे' म्हणून त्यातले पैसे कापले जातातच. नातवाची शाळाही एकदा बदलून झाली होती. तेव्हा स्वतःचे घर हवे, ही मुलाची हौस नव्हती, गरज होती. हौस पुढे सुरू झाली.

त्याने पाहिलेला फ्लॅट होता होसकोट्याला. बंगळूरच्या पूर्वेला, शहराच्या मध्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. जाहिरातीत त्याचे नाव बारीक अक्षरात होते आणि मोठ्या अक्षरात होते, 'उच्चभ्रू, शांत परिसरातील आलिशान निवास'.

"होसकोटे म्हणजे तुला कुठून माहीत असणार म्हणा," मुलगा स्टेशनवरून गाडीत म्हणाला.

"का रे? शहाजीराजांच्या जहागिरीत होतं ते. बंगळूर, होसकोटे, कोलार, बाळापूर, शिरें. तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलंय मी."

आई इतिहासाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी शिक्षिका होतीच. होसकोटे म्हणजे कानडीत 'नवा किल्ला', १७६८ साली मुराररावांची, म्हणजे घोरपड्यांची, छावणी इथेच होती आणि हैदरने तिच्यावर रात्री छापा घातला होता, हे तिने मागच्या सीटवरच्या नातवाला रंगवून सांगितले. मग स्वारी बंगळुरावर घसरली. व्यंकोजीराजांना तंजावर सांभाळायचे होते, म्हणून त्यांनी बंगळूर विकायला काढले. सौदा पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये मोगलांचा सरदार कासिमखान आला, त्याने गाव घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या हवाली केले. किंमत तीन लाख.

"अख्खं बंगळूर?" नातू.

"अख्खं."

"तीन लाखांत आता इथे पार्किंगसुद्धा मिळत नाही," मुलगा हसून म्हणाला. त्याने ऐकलेला पार्किंगचा दर याहून जास्तच होता.

आई हसली नाही. स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबई भागातल्या एका सोसायटीच्या खटल्यात दिला होता, हे तिने पेपरात वाचले होते. पण घर पाहायच्या आधीच वाद नको म्हणून ती गप्प बसली.

नमुना फ्लॅट मात्र बघण्यासारखा होता. दारात पाऊल ठेवताच मंद संगीत, गार हवा, कसलासा फुलांचा वास. समोरच्या भिंतीला आरसा, त्यामुळे हॉल दुप्पट दिसत होता. विक्री विभागातली मुलगी हसतमुख होती. आई कानडीत बोलायला लागली तशी ती आणखी मोकळी झाली. सूनबाई स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवत उभी होती. सात वर्षे दुसऱ्याच्या ओट्यावर पोळ्या लाटलेल्या बाईने असा हात फिरवला तर त्यात नवल ते काय!

आईने पर्समधून टेप काढली.

आधी मुलाला लाज वाटली. पण आई पलंगाशी वाकली आणि म्हणाली, "साडेपाच फूट." पलंग सहा-सव्वासहा फुटांचा असतो. हा मुद्दाम आखूड करून घेतलेला होता, म्हणजे खोली मोठी दिसावी. कपाटही उथळ होते, त्यात हँगर आडवा बसला नसता. आणि खोल्यांना चौकटी होत्या, दारे नव्हती. दार नसले की दार उघडायला लागणारी जागा डोळ्यांत येत नाही.

"मॅडम, हा फक्त नमुना आहे," मुलगी म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तसे कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलेही होते.

माहितीपत्रकावर १,६५० चौरस फूट छापले होते. ते 'सुपर बिल्टअप', म्हणजे जिना, लिफ्ट, क्लब हाउस यांतला वाटाही धरून. भिंतींच्या आतला, सतरंजी अंथरता येईल असा भाग किती? मुलीने कागद चाळून सांगितले, १,१३०. घरांच्या व्यवहारासाठी 'रेरा' हा कायदा २०१६ साली संसदेने केला तो याचसाठी. त्या कायद्याप्रमाणे बिल्डरने कार्पेट एरिया सांगितलाच पाहिजे. पण सांगितला पाहिजे म्हणजे विचारल्याशिवाय सांगितला जातो, असे नाही.

शेवटची खोली दाखवताना मुलगी कौतुकाने म्हणाली, "आणि ही तुमच्यासाठी. पेरेंट्स रूम."

आईने तीही मोजली. नऊ बाय दहा. खिडकी होती, ती वायुवीजनाच्या चिंचोळ्या पोकळीत उघडत होती.

गॅलरीत मात्र सगळेच क्षणभर थांबले. समोर मोकळी जमीन, पलीकडे निलगिरीची रांग, त्यामागे आभाळ. "शांत आहे ना?" मुलगा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात असे काही होते की आईला तो दहावीचा निकाल घेऊन आला होता तो दिवस आठवला.

तिने विचारले, "ही मोकळी जमीन कुणाची?"

मुलीला ते माहीत नव्हते. "तिथे काही होणार नाही, मॅडम. व्ह्यू कायमचा आहे."

"खिडक्या उघडता येतील? आणि ते गाणं जरा बंद कराल?"

गाणे बंद झाले, खिडक्या उघडल्या. पाच मिनिटे कोणी बोलले नाही. आधी काही नाही, मग महामार्गावरच्या ट्रकांची लांबून येणारी घरघर, मग खाली कुठेतरी टँकरमधून टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीचा आवाज.

"काचा डबल ग्लेझ्ड आहेत. बंद केल्या की काही ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली.

काचा बंद केल्यावर शांत तर कुठेही वाटते. पण 'शांत' या शब्दाला जाहिरातीत पैसे पडत नाहीत आणि घेणाऱ्याला मात्र त्याचे दर चौरस फुटामागे पडतात.

त्या रात्री जेवणे झाल्यावर हिशेब निघाला. आईने नातवाच्या वहीतले मागचे पान घेतले. फ्लॅट एक कोटी वीस लाखांचा. ७५ लाखांपेक्षा जास्त कर्ज असेल तर बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ९० लाख. तीस लाख आपले. बांधकाम चालू असल्यामुळे पाच टक्के जीएसटी, सहा लाख. मुद्रांक शुल्क पाच टक्के, पुन्हा सहा लाख, त्यावर उपकर आणि अधिभार पाऊण लाखाच्या घरात. कर्नाटकात नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस एक टक्क्यावरून दोन टक्के झाले, ते दोन लाख चाळीस हजार. म्हणजे घरात एक खिळा ठोकायच्या आधी ४५ लाख रोख हवेत. आणि ९० लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिन्याला ७८ हजारांच्या आसपास.

"तुमच्याकडे किती आहेत?"

"अठरा."

खोलीत शांतता पसरली. ही खरी शांतता, डबल ग्लेझ्ड नव्हे.

मग मुलाने ते वाक्य उच्चारले, ज्यासाठी तिला बोलावले होते. "आई, टिळकवाडीचं घर तसंही तुला एकटीला मोठं होतं. तू इथेच ये ना. तुझी खोली आहेच."

यात त्याचे काही वाईट होते असे नाही. वडील गेल्यापासून आई एकटी आहे, रात्रीबेरात्री काही झाले तर, ही काळजी त्याला खरोखरच होती. पण काळजी आणि सोय एकाच वाक्यात आली की कोणती कोणाच्या आडून बोलते, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही.

आईने दोनच प्रश्न विचारले. "ताईला विचारलंस? आणि नवीन घर कुणाच्या नावावर?"

घर वडिलांनी बांधलेले, त्यांच्याच नावावर होते. मृत्युपत्र त्यांनी केले नव्हते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा घरावर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हक्क असतो. मुलीचे लग्न होऊन ती सांगलीला गेली म्हणून तो कमी होत नाही. तिच्या सहीशिवाय घर विकता आले नसते. मुलाने ते लक्षातच घेतले नव्हते. अनेक घरांत ते लक्षात येते रजिस्ट्रारच्या टेबलाशी, आणि मग राखीपौर्णिमेला कोणी कोणाकडे जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टेबलावरच होते. बुकिंगच्या फॉर्मवर एकच नाव होते, मुलाचे. आईचे नाव घातले तर बँक तिलाही कर्जदार धरणार आणि चौसष्टाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज कोण देणार, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण सूनबाईचे?

"तिचं नंतर घालता येतं, आई."

अर्धा हप्ता तिच्या पगारातून जाणार होता. सूनबाई ताटे उचलत होती, ती थांबली. काही बोलली नाही.

बोलली ती दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, भाजी निवडताना. "आई, एक सांगू? मला घर हवंय. खूप हवंय. पण तुमचं घर मोडून आलेल्या घरात मी जन्मभर पाहुण्यासारखी राहीन. तुम्ही त्या छोट्या खोलीत आणि मी तुमच्या पैशाच्या ओट्यापाशी. मला ते जमणार नाही."

सांगलीला फोन झाला. मुलगी म्हणाली, "सही हवी तर देते, आई. भांडणार नाही मी. पण तू पाहुणी म्हणून कुठे जाशील मग? आत्ता मी रागावले की तू टिळकवाडीला असतेस, दादा रागावला तरी तिथेच."

हे आईला पुरेसे होते. तरी तिने 'नाही' म्हटले नाही. शिक्षिकेला माहीत असते, उत्तर सांगून टाकले की मुले शिकत नाहीत. ती मुलाला म्हणाली, "उद्या पहाटे मला तिकडे पुन्हा ने. चार वाजता."

पहाटे चारला होसकोट्यात वाहनांची ही गर्दी! मुलगा चक्रावला. इथली दम बिर्याणी प्रसिद्ध आहे आणि ती खायला बंगळूरहून लोक भल्या पहाटे येतात. उजाडायच्या आत रांगा लागतात आणि गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात. ज्यांना सूर्योदयाआधी मटण बिर्याणी पचते त्यांचे अभिनंदनच करायला हवे. पण 'शांत परिसर' ही गोष्ट घड्याळाचे सगळे काटे फिरेपर्यंत पाहायची असते, रविवारी सकाळी अकराला नव्हे.

तिथून दोघे तळ्याकाठी गेली. होसकोट्याचे तळे मोठे, जुने, दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यातले. धुक्यातून झोळीवाले पेलिकन एका रांगेत पाण्यावर उतरत होते. दुर्बिणी घेतलेली दोन-तीन माणसे कोणाशी न बोलता उभी होती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. जाहिरातीत जे विकत होते ते इथे होते आणि ते कोणाच्याच मालकीचे नव्हते.

बांधाजवळ एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या मांडत होती. आईने कानडीत चौकशी केली, दोन जुड्या घेतल्या आणि अर्ध्या तासात, विक्री कार्यालयात तीन दिवसांत कळले नसते इतके कळून घेतले. त्या इमारतीसमोरची मोकळी जमीन त्या बाईच्या दिराने दोन वर्षांपूर्वी विकली होती, दुसऱ्या बिल्डरला. बोअरवेलचे पाणी खोल खोल चालले होते. मोठ्या इमारतींना उन्हाळ्यात टँकर लागतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची कशी दैना झाली ते सगळ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटरचा. पण तो शहरात २००७ मध्ये सामील झालेल्या ११० गावांसाठी. होसकोटे त्या हद्दीच्या बाहेर. पत्रकावर पोहण्याचा तलाव होता, त्यात पाणी कुठून येणार हे नव्हते.

मुलगा हुशार आहे. एकदा दिशा कळल्यावर त्याने पुढचे स्वतः केले. रजा काढून होसकोट्याच्या नियोजन कार्यालयात गेला. समोरच्या जमिनीवर बहुमजली इमारतीचा नकाशा दाखल झालेला होता. म्हणजे गॅलरीतले आभाळ बिल्डरचे नव्हतेच. शेजारच्याने अजून बांधले नाही तोवरचे ते उसने आभाळ होते, आणि त्याचे दर चौरस फुटामागे जास्त पैसे लावलेले होते.

आईला यात नवे काही नव्हते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ त्यांच्या शेजारचा कौलारू बंगला काही वर्षांपूर्वी पडला आणि तिथे चार मजले उभे राहिले. तेव्हापासून तिच्या तुळशीला दुपारनंतर ऊन मिळत नाही. त्या चार मजल्यांच्या जाहिरातीतही 'शांत परिसर' असे लिहिले होते. तो परिसर म्हणजे हिचेच अंगण होते.

विक्री कार्यालयातून रोज फोन येत राहिले. रविवारपर्यंत दोन लाख भरा, नंतर दर वाढणार. व्हाइटफिल्डला मेट्रो २०२३ मध्ये आलीच आहे, ती होसकोट्यालाही येणार. चेन्नईचा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. मार्गाचे खरे होते, कर्नाटकातला टप्पा २०२४ च्या अखेरीस वाहनांना खुलाही झाला. पण द्रुतगती मार्गाने चेन्नई जवळ येते, व्हाइटफिल्डचे ऑफिस येत नाही. मुलाने विचारले, नोंदलेल्या करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत ना? जमीन शेतीची होती, ती बिगरशेती झाल्याचा आदेश बघायला मिळेल का? बोजा प्रमाणपत्र किती वर्षांचे? दुसऱ्या दिवसापासून फोन कमी झाले.

सहा महिने गेले. त्या काळात नवरा-बायकोत दोनदा कडाक्याचे भांडण झाले, त्याचा तपशील इथे सांगण्यात अर्थ नाही. एवढे खरे की दोन्ही वेळा मुलाने बेळगावला फोन केला आणि दोन्ही वेळा आईने आधी सूनबाईला बोलवायला सांगितले.

शेवटी घर मिळाले ते होसकोट्याच्याच वाटेवर, मुख्य रस्त्यापासून आत, तीन मजल्यांच्या जुन्या इमारतीत. दोन शयनगृहांचे, आठ वर्षे वापरलेले. क्लब हाउस नाही, तलाव नाही. भोगवटा प्रमाणपत्र होते, त्यामुळे जीएसटी लागला नाही. खात्याचा उतारा, बोजा प्रमाणपत्र सगळे वकिलाने पाहिले. सूनबाई तिथे तीन वेगवेगळ्या वेळी गेली. एकदा रात्री अकराला, एकदा पावसात आणि एकदा ऐन एप्रिलात, शेजारणीला पाण्याचे विचारायला. अठरा लाख त्यांचे होते, पाच सूनबाईच्या भविष्य निर्वाह निधीतून आले, बाकी कर्ज. आई तीन लाख देऊ करत होती. सूनबाईने घेतले, आणि महिन्याला किती परत करणार ते चिठ्ठीवर लिहून दिले.

नोंदणीच्या दिवशी आई राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ही गर्दी, पंखा एकच. घेणाऱ्यांच्या रकान्यात पहिले नाव सूनबाईचे होते, दुसरे मुलाचे. दोघांचे फोटो निघाले, अंगठे झाले. मग कारकुनाने कानडीत विचारले, साक्षीदार कोण?

आई पुढे झाली. चष्मा लावला, सही केली. खाली पत्त्याची ओळ होती. मुलगा म्हणाला, "आई, इकडचाच लिही ना, सोपं पडेल."

तिने घर क्रमांकापासून सुरुवात केली आणि सावकाश, फळ्यावर लिहावे तशा अक्षरात, टिळकवाडी, बेळगाव असे पूर्ण लिहून काढले.